साहेब रजेवर, रक्तदाब जागेवर

रक्तदाबाचे जुने रुग्ण महिन्यातून एकदा दवाखान्यात येतात. खुर्चीवर बसतात, बाही वर करतात आणि पट्टा दंडाला आवळला जात असतानाच विचारतात, "किती आहे, डॉक्टर?" आकडा सांगितला की तो घरी जातो, शेजारी जातो, मुलीच्या सासरीही पोचतो. पण हा आकडा आला कुठून, असं सहसा कोणी विचारत नाही. मीही विचारत नसे. मीठ किती खाता, तंबाखू आहे का, वडिलांना होता का, रोज चालता का, एवढं विचारून झालं की आपलं काम संपलं असं मला वाटे. पुढचा प्रश्न विचारायला मला शिकवलं ते एका रोखपालाच्या पत्नीनं, शंभर पानी वही समोर ठेवून.

ही गोष्ट १९९८ सालची. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) गृहस्थ आपल्याच जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत हेड कॅशियर. वय सत्तेचाळीस, अंगानं सडपातळ, कसलंही व्यसन नाही, सकाळी फिरायला जाणारे. तरी रक्तदाब १६० च्या वर. एका गोळीनं भागेना म्हणून मी दुसरी सुरू केली. त्यानंही फारसा फरक पडेना. मी मीठ कमी करायला सांगितलं, लोणचं बंद केलं, पापड बंद केला. बिचाऱ्यांनी सगळं ऐकलं.

तिसऱ्या महिन्यात वहिनी बरोबर आल्या. त्यांची मुलगी नर्सिंग शिकत होती आणि घरी तबकडीचं बी.पी. यंत्र होतं. मुलगी सुट्टीला आली की मोजायची, ती नसताना वहिनी स्वतः मोजायला शिकल्या होत्या. वहीत चार रकाने आखले होते. तारीख, वेळ, रक्तदाब आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात "रविवार", "पाहुणे", "उपास" असं काहीबाही लिहिलेलं. मी पानं उलटत गेलो आणि एका ठिकाणी थांबलो. सलग आठ दिवस १३६, १३४, १३८. त्याच्या आधी १६४, नंतर १६२. त्या आठ दिवसांपुढे शेरा एकच होता : "साहेब रजेवर".

"त्यांच्या मुलीचं लग्न होतं," वहिनी म्हणाल्या. "ते गेले आणि ह्यांचं बी.पी. उतरलं. आले आणि चढलं. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवावं. लोणचं परत सुरू करू का?"

त्या हसत नव्हत्या. आणि लक्षात घ्या, साहेब रजेवर असताना शाखेतलं काम काही कमी झालेलं नव्हतं. उलट एक माणूस कमी असल्यानं ते वाढलंच होतं.

मग मी त्यांना बसवून घेतलं आणि विचारलं की बँकेत नेमकं काय होतं? बराच वेळ ते "तसं काही नाही" म्हणत राहिले. शेवटी निघालं ते असं. काही महिन्यांपूर्वी रोकड पाचशे रुपयांनी कमी आली होती. बँकेत अशी तूट कॅशियरला खिशातून भरावी लागते. ते त्यांना मान्य होतं, तसे पैसे त्यांनी पूर्वीही भरले होते. पण साहेब केबिनबाहेर आले आणि काउंटरसमोर रांग उभी असताना मोठ्यानं म्हणाले, "पाचशे गेले कुठे? घरी गेले का?" रांगेत मुलीच्या शाळेतले एक शिक्षक उभे होते. नोट दुसऱ्या दिवशी शंभराच्या एका पुडक्यात चिकटलेली सापडली. साहेबांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी पुढची फाइल ओढली.

"तेवढंच?" मी विचारलं. खरं सांगतो, हा प्रश्न विचारल्याची मला आजही लाज वाटते.

इथं माझ्या अडचणीची एक गोष्ट सांगायला हवी. ते साहेबही माझेच रुग्ण होते. पित्त, छातीत जळजळ, रात्री झोप नाही, अशा तक्रारी घेऊन ते येत. रोज संध्याकाळी पाच वाजता विभागीय कार्यालयातून फोन यायचा. ठेवी किती आल्या, वसुली किती झाली, शेजारची शाखा पुढे कशी गेली. तो फोन ठेवल्यावर ते केबिनबाहेर येत. एकाच आठवड्यात दोघंही माझ्यासमोरच्या त्याच स्टुलावर बसून गेले. रुग्णानं सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, हे खरं. पण कॅशियरचं नाव न काढता साहेबांना इतकं तरी विचारता आलं असतं, की तुमच्या हाताखालच्या माणसांशी तुमचं कसं आहे? मी विचारलं नाही. पित्ताची गोळी लिहून दिली.

१९९९ च्या जूनमध्ये साहेबांची बदली झाली. नवे आले ते काही मवाळ नव्हते. सव्वादहाला हजेरीचा मस्टर आत नेत. मार्च अखेरीला सगळ्यांना रात्री नऊपर्यंत बसवत. पण बसवत तेव्हा स्वतःही बसत. रोकड जुळेना की दार लावून घेत आणि कॅशियरबरोबर पुडकी मोजायला लागत. कोणाची चूक झाली तर केबिनमध्ये बोलावून सांगत. रजा नाकारायची असेल तर का नाकारली ते सांगत. पगार तोच, काउंटर तोच, रांगही तीच. चार महिन्यांत मला दुसरी गोळी बंद करता आली. पहिली मात्र चालूच राहिली, हे मुद्दाम लिहितो. ते मला म्हणाले, "काम तेच आहे, डॉक्टर. पण आता सकाळी चपला घालताना पोटात गोळा येत नाही."

नोकरीतलं समाधान म्हणजे काय, असा प्रश्न कोणी विचारला की मला हेच वाक्य आठवतं.

एकाच बाईचे दोन रक्तदाब

एका कॅशियरवरून सिद्धान्त मांडायचा नसतो, हे मलाही कळतं. तेव्हा इतरांनी काय पाहिलं ते सांगतो. २००३ साली इंग्लंडमधला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णालयात परिचारिकांना मदत करणाऱ्या २८ स्त्रियांच्या दंडाला दिवसभर आपोआप रक्तदाब मोजणारं यंत्र बांधलं होतं. त्यातल्या १३ जणींवर दोन वेगवेगळ्या वरिष्ठांची देखरेख असे. त्यातला एक वरिष्ठ त्यांना बरा वाटे आणि दुसरा नको वाटे. उरलेल्या पंधराजणींच्या बाबतीत असा भेद नव्हता. बाई तीच आणि काम तेच, फक्त वरिष्ठ बदलला. नकोशा वरिष्ठाच्या दिवशी वरचा रक्तदाब सरासरी १५ नं आणि खालचा ७ नं जास्त निघाला. दुसऱ्या गटात फरक किरकोळ होता. २८ ही संख्या लहान आहे, त्यावर इमारत उभारू नये. पण पंधराचा फरक म्हणजे एखाद्या गोळीनं पडतो त्याहूनही मोठा फरक आहे. वहिनींच्या वहीत तरी दुसरं काय होतं?

हे होतं कसं? एखादा कुत्रा अंगावर धावून आला तर छाती धडधडते, हातापायांत रक्त धावतं आणि रक्तदाब वर जातो. पळायला किंवा काठी उचलायला शरीर तयार होतं. कुत्रा गेला की दहा-पंधरा मिनिटांत सगळं जागेवर येतं. ऑफिसात मात्र पळताही येत नाही आणि काठीही उचलता येत नाही. "हो साहेब" म्हणून जागेवर बसावं लागतं. आणि तोच प्रसंग उद्या दहा वाजता पुन्हा येणार हे आजच माहीत असतं. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. दिवसभराचं बोलणं उशाशी घेऊन झोपणाऱ्याला ही विश्रांतीसुद्धा नीट मिळत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तवाहिन्या कडक होतात, हृदयाचा स्नायू जाड होतो. पित्त, मान आखडणं, अर्धशिशी, शुगर ताब्यात न राहणं या तक्रारीही याच वाटेनं येतात किंवा वाढतात.

लंडनचे कारकून

पूर्वी असा समज होता की हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा रोग आहे. जबाबदारी मोठी, ताण मोठा, म्हणून झटकाही त्यांनाच यायचा. तो समज लंडनच्या सरकारी कचेऱ्यांनी खोटा ठरवला. १९६७ साली तिथल्या सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी करून पुढे अनेक वर्षं त्यांची नोंद ठेवली गेली. या कामात डॉ. मायकेल मार्मट यांचं नाव पुढे आहे. निघालं ते उलटंच. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाई-पहारेकरी यांच्यातलं हृदयविकाराचं मृत्यूचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होतं. धूम्रपान, चरबी, रक्तदाब यांचा हिशेब मांडूनही हा सगळा फरक उलगडेना.

मग १९८५ साली स्त्री-पुरुष मिळून दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात कामाबद्दलही प्रश्न होते. कामाची पद्धत ठरवण्यात तुम्हाला काही वाव आहे का? वरिष्ठ तुमच्या अडचणी ऐकून घेतात का? विनाकारण दोष दिला जातो का? कधी कौतुक होतं का? मला वाटतं, आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत चहाच्या टपरीवर हेच चार प्रश्न रोज चर्चेला असतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, कामावर आपल्याला न्यायानं वागवलं जातं असं ज्या पुरुषांनी सांगितलं, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत हृदयविकाराचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी निघालं. स्वीडनमध्ये स्टॉकहोम भागातल्या तीन हजारांवर पुरुषांचा असाच अभ्यास २००९ साली आला. वरिष्ठ स्पष्ट सांगतो, माहिती देतो आणि जबाबदारीबरोबर अधिकारही देतो, असं सांगणाऱ्यांना हृदयविकार कमी झाला. अशा वरिष्ठाच्या हाताखाली जितकी जास्त वर्षं, तितका फायदा जास्त.

यावरून वाईट साहेबामुळे झटका येतोच असं म्हणता येणार नाही. मुळात खचलेल्या माणसाला सगळेच साहेब वाईट वाटतात, हीही एक शक्यता असतेच. संशोधक ती शक्यता जमेला धरतात, आपणही धरावी. पण तंबाखू आणि मिठाबद्दल विचारतो तसं साहेबाबद्दलही डॉक्टरनं विचारावं, इतकं तरी यातून नक्की निघतं.

आणखी एक गोष्ट. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ साली पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून असं मांडलं होतं, की समाधान आणि असमाधान ही एकाच काठीची दोन टोकं नव्हेत. समाधान मिळतं ते कामातून, काही साधल्यातून, कोणी दखल घेतल्यातून. असमाधान येतं ते बहुतेक नियम, देखरेख, पगार अशा गोष्टींतून. त्याच्या मांडणीवर पुढे टीका पुष्कळ झाली. पण माझ्या दवाखान्यातला अनुभव काहीसा तसाच आहे. चांगल्या साहेबाचं कौतुक करायला कोणी माझ्याकडे येत नाही. वाईट साहेब मात्र पोटदुखीच्या रूपानं हमखास येतो.

पाणी न पिणारी मुलगी

तो नेहमी रक्तदाबाच्याच रूपानं येतो असंही नाही. २००४ साली तयार कपड्यांच्या एका कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारी तेवीस वर्षांची मुलगी माझ्याकडे आली. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा लघवीचा जंतुसंसर्ग. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं. दोनदा औषधं देऊन झाली होती. "पाणी भरपूर पी," मी नेहमीप्रमाणे सांगितलं. ती म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं ना, डॉक्टर."

त्यांचा सुपरवायझर कोण किती वेळा उठलं आणि किती मिनिटांनी परत आलं ते वहीत लिहून ठेवत असे. संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचून दाखवी. त्यामुळे मुलींनी सकाळपासून पाणी पिणंच सोडलं होतं. घरी पोचेपर्यंत आठ-नऊ तास. लघवी तुंबवून ठेवली आणि पाणी कमी प्यायलं की जंतूंना वाढायला आयतीच संधी मिळते. तिचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असता तर काय झालं असतं, ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

औषध तर दिलंच. शिवाय माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं, की या मुलीला दर दोन-तीन तासांनी स्वच्छतागृहात जाणं वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक आहे. स्वच्छतागृह कामाच्या सगळ्या वेळात उपलब्ध हवं, असं तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यातही लिहिलेलं होतं. तेही एका ओळीत नमूद केलं. मालकाला ते समजलं असावं, कारण वही बंद झाली. महिनाभरानं तिच्याबरोबरच्या आणखी दोघी आल्या. त्यांना आजार नव्हता, त्यांना तसलीच चिठ्ठी हवी होती. मी लिहून दिली.

बदली होईपर्यंत काय?

साहेब बदलणं आपल्या हातात नसतं. तोवर काय करावं, असं बरेचजण विचारतात. हल्ली कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्तीची शिबिरं भरवतात. मीही दोन-तीन ठिकाणी बोलून आलोय. श्वसन, शवासन यांचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण ज्यांच्यामुळे ताण आहे ते गृहस्थ शिबिराचं उद्घाटन करून निघून जातात आणि खालचे चाळीसजण सतरंजीवर श्वास मोजत बसतात, हे पाहून मला हसू आवरत नाही.

तेव्हा साध्या गोष्टी सांगतो. घरी यंत्र असेल तर वहिनींसारखी वही ठेवा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजा. कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही. काहींचा रक्तदाब दवाखान्यात बरोबर निघतो आणि कामावर वाढलेला असतो, तो एरवी सापडतच नाही. आकडे डॉक्टरांना दाखवा. रविवारी उतरला म्हणून रविवारची गोळी चुकवू नका. गोळी कमी करणं हे डॉक्टरांचं काम आहे. जेवणाची सुट्टी टेबलावर बसून घालवू नका, बाहेर जाऊन चार माणसांत डबा खा. अपमान झाल्यावर त्या रात्री घरी निदान एकाला तरी सांगा. आमच्या कॅशियरनी पाचशे रुपयांची ती गोष्ट चार महिने बायकोलाही सांगितली नव्हती. आणि झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं वाटायला लागलं, असं पंधरवडाभर चाललं तर तो स्वभावाचा दोष समजू नका, डॉक्टरांना गाठा. जीव देण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका.

माझ्या दवाखान्यातला साहेब

एवढं सगळं सांगणाऱ्या माणसाची गोष्ट सांगून थांबतो.

२०११ साली चोवीस तास रक्तदाब मोजणारं यंत्र एका विक्रेत्यानं आठवडाभर वापरून पाहायला दिलं. पहिला प्रयोग कोणावर करायचा? आमचे कंपाउंडर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. मी त्यांना काका म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. बुधवारी बांधला आणि गुरुवारीही राहू दिला. गुरुवारी मी शेजारच्या गावी तपासणीला जातो आणि दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई बसतात. गुरुवार बाजाराचा दिवस, त्यामुळे गर्दी बुधवारपेक्षा जास्तच.

शुक्रवारी कागद काढला. बुधवारी सकाळची सरासरी १५०/९४. गुरुवारी सकाळची १३४/८४. बुधवारची रेघ साडेदहाला चढते. साडेदहाला मी येतो.

एका माणसाच्या दोन दिवसांवरून काही सिद्ध होत नाही, असं मी मोठ्यानं म्हणालो. काका काहीच बोलले नाहीत. मग सिस्टरना विचारलं. त्या आधी टाळत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही घंटी दोनदा वाजवता ना, तेव्हा काकांच्या हातातली बाटली हलते. आणि पेशंटसमोर 'डोकं आहे का जागेवर' असं म्हणता. रोज नाही म्हणत. पण म्हणता."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. त्या कॅशियरच्या साहेबांनाही बहुधा आठवलं नसतं.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. काकांचा कार्डिओग्राम काढला, तर हृदयाचा डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा दिसल्या. म्हणजे रक्तदाब कालपरवाचा नव्हता, काही वर्षांचा होता. सतरा वर्षं ते माझ्या शेजारी उभे राहून लोकांच्या दंडाला पट्टा बांधत होते. त्यांच्या दंडाला मी तो एकदाही बांधला नव्हता.

गोळी सुरू केली. घंटी काढून टाकली, आता उठून दारापर्यंत जातो आणि हाक मारतो. त्यात माझंही चालणं होतं. औषध देताना चूक झाली तर पेशंट गेल्यावर बोलायचं, असं ठरवलं. ते दर वेळी जमतं असं सिस्टर म्हणत नाहीत. मी चुकलो की त्या टेबलावरचं पेन सरळ करून ठेवतात, तेवढं मला कळतं. काका २०१६ साली निवृत्त झाले. त्यांची गोळी बंद करता आली नाही. महिन्यातून एकदा येतात, आता रुग्ण म्हणून. पट्टा मी स्वतः बांधतो.